मुक्या सिनेमातली पंचफुलाबाई

बसा सायेब, आटोत आरामात बसा. तलमडुगु येईस्तोवर एका सिनेमावाल्याची गोष्ट सांगतो. हसाचं तं हसा, पन शेवटपर्यंत आयका.

नाव रविकांत, हैदराबादचा. गळ्यात कॅमेरा, पायात दोन रंगाचे मोजे. म्हने, "मी प्रायोगिक सिनेमा करतो. एकेका माणसाचा चेहरा, आणि त्यातून सगळ्या समाजाचा इतिहास."

मी म्हनलं, "त्यात गाने-गिने राह्यतीन ना?"

तं त्यानं असं पाह्यलं, जसा मी त्याच्या ताटात थुकलो.

तरी मीच त्याले पंचफुलाबाईकडं नेलं. आमच्या बुद्धवाड्यातली म्हातारी. तिचा मालक भिवाजी गाने जोडे. लिवता येत नव्हतं, पन घरागनिक एक कडवं. कोनाच्या बापानं मेलेलं ढोर ओढाचं सोडलं, कोनाची पोरगी वाड्यातली पयली मास्तरीन झाली. एकतीस घरं, एकतीस कडवे. भिवाजी गेला, आता सारे बाईच्या गळ्यात. अन् त्याच गळ्यात गाठ निघाली. डाक्टर म्हने, कापल्यावर आवाजाचा भरोसा नाई.

म्हनून बाई पांढरं लुगडं नेसून कॅमेऱ्यापुढं बसली अन् दीड घंटा गायली. नातू हर्षदीप फोनात भरून राह्यला होता, तं रविकांत त्याच्यावर खेकसला, "फोन बंद! माझं लक्ष विचलित होतं." पोरानं केला बंद. आमाले वाटलं, एवढा मोठा कॅमेरा, भरलंच असंन सारं.

परवा आदिलाबादच्या हालात सिनेमा दाखवला. सारा वाडा गेला. पडद्यावर बाईचं तोंड, रांजनाएवढं. उघडते, मिटते. आवाज नाई.

कोनी तरी वरडलं, "अबे, मशीन बिघडली!"

रविकांत उठला. "काही बिघडलेलं नाही. मी आवाज घेतच नाही. खरा इतिहास मौनातच बोलतो."

आमच्या वाड्यातली बयनाबाई मागूनच कडाडली, "मंग दगड बसवाचा होता ना समोर, भाड्या! म्हातारीचा गळा काऊन फाडला?"

त्याच्यासंगं आलेल्या चार शहान्यायनं टाळ्या वाजवल्या. बयनाबाईसाठी नाई, त्याच्यासाठी! चेहरा पाहाले आलते म्हने. समोर बसलेल्या बाईचा चेहरा कसा झाला, हे एकाही कुत्र्यानं पाह्यलं नाई.

तवापासून पंचफुलाबाई गातच नाई. हर्षदीप पाया पडला, मी पडलो. "एक डाव गायली, झालं," म्हनते. अन् उद्या सकाळी तिले आपरेशनले नागपूरले नेतेत.

पन सायेब, दारात पाहुना आला अन् त्यानं काई मांगलं, तं म्हातारीच्या तोंडून नाई निंगत नाई. त्या नालायकाचं तेवढ्यावरच फावलं. आमी घरचे, आमचं कोन आयकते?

तुमी पाहुने. तलमडुगुचं काम दुपारी करा. आता चला तिच्याकडं, च्या घ्या, अन् तुमच्या तोंडानं एकदा म्हना, "आजी, गा ना."