झाकणाचा सांधा

ऑफिसच्या छतातला डक्ट गळतो, गार हवा वाया जाते, म्हणून डक्टवाले काका आत शिरले आणि एकेक फट लेपाने बुजवत सुटले. कामाच्या तंद्रीत त्यांनी आत शिरायचं झाकणही ओढून घेतलं आणि त्याच्याही कडा आतून बुजवल्या.

"लाथ मारून उघडा!" साहेब खालून ओरडले.

"माझ्या सांध्याला लाथ? मेलो तरी नाही!"

शेवटी काकूंना बोलावलं. त्या नवऱ्याला पुरत्या ओळखून होत्या. डक्टच्या हवा येणाऱ्या जाळीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, झाकणाच्या कडेने वारा येतोय."

"कुठे? दाखव!" म्हणत काका डक्टचा पत्रा फाडून धाडकन साहेबांच्या टेबलावर आदळले. वर भलंमोठं भगदाड पडलं. टेबलावरच उभं राहून त्यांनी झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं.

"बघ! हललाय का सांधा?"