तिसऱ्या अंकाची वही

"वही? कसली वही?" डॉ. मुकुंद आठल्ये यांनी इतक्या साळसूदपणे विचारलं की संयोगिता शिर्केच्या अंगाचा तिळपापड झाला.

सोळा महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच टेबलापाशी उभं राहून तिनं ती वही त्यांच्या हातात दिली होती. तांबड्या कापडाचा पुठ्ठा, कडेला दोऱ्याची शिवण. पीएच.डी.चे मार्गदर्शक ते. त्यांच्या हातात नाही द्यायची तर कुणाच्या? आधी झेरॉक्स काढते म्हणाली, तर सर म्हणाले होते, "नको नको, त्या उजेडानं जुनी शाई उडते. मी घरी नीट ठेवतो." आणि ठेवली की नीट! इतकी नीट ठेवली की आता सरांच्या लेखी ती जगातच नव्हती.

वही होती रखमाबाई मोहित्यांची. बडोद्यातल्या एका हौशी मराठी नाट्यमंडळात त्यांनी बावीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा, तोही पहिल्या रांगेला ऐकू न जाता; आणि टाळ्या पडल्या की अंधारात गप बसून राहायचं. मंडळाचं गाजलेलं नाटक म्हणजे 'तिसरा निवाडा', सन पंचावन्न. नाटककार नारायणराव आठल्ये. संस्थानी अमलातल्या बड्या अधिकाऱ्याचे चिरंजीव आणि मुकुंदसरांचे वडील. मंडळाचा हॉल पाडून तिथं आता गाड्यांची चकचकीत शोरूम झाली होती आणि मंडळाची दप्तरं रद्दीत गेली होती. त्या मंडळाचा इतिहास संयोगिता पाच वर्षं गोळा करत होती.

निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत रखमाबाईंनी ट्रंकेतून वही काढली, तेव्हा संयोगिताला आधी वाटलं, ही प्रॉम्प्टिंगची नक्कल. मग ती तिसऱ्या अंकाशी आली. एकेक वाक्य तीन-तीनदा लिहिलेलं, दोनदा खोडलेलं. नक्कल करणारा चुकला तर शब्द खोडेल. एकच वाक्य तीन तऱ्हांनी लिहून बघायची त्याला काय गरज?

"रावसाहेबांना, म्हणजे नारायणरावांना, तिसरा अंक सुचेना," रखमाबाईंनी भाजी महाग झाली म्हणावं तसं सहज सांगितलं. "प्रयोग दहा दिवसांवर आला. मग मी लिहिला. नावाबिवाचं काही वाटलं नाही गं तेव्हा. पण पुढं पुस्तक छापलं ना, तेव्हा त्या अंकातलं पोराचं भाषण गाळलं त्यांनी. ते मात्र फार लागलं." त्या पोराचं काम नऊ वर्षांच्या मुकुंदानंच केलं होतं. "एकदम सारू, झकास बोलायचा. एका जागी मात्र रोज अडायचा. मी शब्द टाकला की टपकन उचलायचा. त्याला दाखव वही, खूश होईल."

खूश! तेच सर आज म्हणत होते, "तिसऱ्या अंकाचं हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका. पुराव्याशिवाय माझ्या वडिलांवर चिखलफेक मी होऊ देणार नाही. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

मार्गदर्शकाची सही नाही तर प्रबंध दाखल होत नाही. म्हणजे पाच वर्षं पाण्यात. संयोगिताचे वडील कारखान्यात फिटर. घराण्यात पणजोबांपर्यंत सगळे फौजेतले, आणि पुस्तकांच्या मागं लागलेली ही पहिलीच. प्रकरण काढलं की डॉक्टर होता येणार होतं. काय करायचं होतं असलं डॉक्टर होऊन? एका बाईचं आधी नाटक घेतलं, मग वहीही घेतली, आणि आता तिचं नाव पुसायचं काम संयोगितानं आपल्याच हातानं करायचं?

ती तडक निजामपुऱ्याला गेली. रखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझी परीक्षा ऐकायला कुणीही येऊ शकतं?"

"प्रबंध द्यायच्या आधीचं चर्चासत्र खुलं असतं."

"बेस. रिक्षा सांगून ठेव."

चर्चासत्रात संयोगितानं ते प्रकरण वाचलं. सगळं वाचलं. सरांचा चेहरा लाल होत गेला. तिचं संपायच्या आत ते उठले, पुढ्यात ठेवलेलं छापील नाटक उचललं आणि विभागप्रमुख निरुपमाबेनकडे वळले. त्यांच्याही हातात एक प्रत होती.

"इतिहास पुराव्यावर उभा राहतो, गप्पांवर नाही," सर कडाडले. "ही म्हणते, मुलाचं मोठं भाषण होतं. असं भाषण नाटकात कधीच नव्हतं. काय आहे ते मी वाचून दाखवतो." नाटकवाल्याचंच पोर ते; ताठ उभे राहिले, आवाज लावला. "'सरकार, माझी आई चोर नाही!'" आणि परिणाम साधण्यासाठी क्षणभर थांबले.

"सगळ्यांनी विचारलं..." शेवटच्या रांगेतून आवाज आला. हलका, पण नेमका मंचापर्यंत पोचणारा.

"सगळ्यांनी विचारलं, भाकरी कुणी चोरली," सर म्हणाले. त्यांची नजर पुस्तकावर नव्हती. "चूल किती दिवस पेटली नाही, ते कुणीच विचारलं नाही. मी सांगतो, सरकार. चूल..."

आणि ते थांबले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"चूल तीन दिवस थंड आहे," रखमाबाई काठी टेकत उठल्या. "तेव्हाही इथंच अडायचास, मुकुंदा."

निरुपमाबेन पानावर बोट ठेवून बसल्या होत्या. "मुकुंदभाई, आ लाइन तो चोपडीमां नथी, पुस्तकात नाहीच."

"बेन, ते लहानपणचं काहीतरी... माणसाला कुठलंही आठवतं..."

"पण हमणांच, आत्ताच तमे बोल्या ने, असं भाषण कधी नव्हतंच?"

सरांना शब्द सापडेना. आता त्यांना तो पुरवायला विंगेत कुणी नव्हतं. संयोगिताला वाटलं, ओरडावं, त्यांच्या अंगावर पुस्तक फेकावं. पण ती शेवटच्या रांगेकडे गेली, रखमाबाईंना धरून बसवलं आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतःही बसली.

"सर, तुमचं सुभानपुरा काही लांब नाही," ती म्हणाली. "स्कूटरवर दहा मिनिटं. घरी जा आणि बाईंची वही घेऊन या. आम्ही बसलोय."

खोलीतलं कुणीही उठलं नाही.