हृदय भरताना मी पाहिले

मित्रांनो, मला डोळे नाहीत, तरी माणसाचे धडधडते हृदय मला दिसते. मी एक जुने इको यंत्र आहे. डोक्याला टोप्या घातलेल्या कामगारांनी मला एका स्वच्छ कारखान्यात जोडले. कानाला ऐकू न येणारा आवाज मी छातीत सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटवते.

तिथून मी एका रुग्णालयात आले. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! दाराबाहेर रांग लागायची. मग शेजारच्या खोलीत एक सडपातळ, चकचकीत यंत्र आले आणि मी अडगळीत जमा झाले. कुणी माझ्यावर स्वेटर टाकी, कुणी चहाचा कप ठेवी. माझ्या वायरवरून खुर्चीची चाके गेली की जीव कळवळायचा. एका डॉक्टरबाईंनी मात्र माझी साथ सोडली नाही.

एके दिवशी त्यांच्याकडे भिंतींवर चित्रे रंगवणाऱ्या एक बाई आल्या. सोबत धाकटी बहीण होती. शाळेच्या उंच भिंतीवर बाईंनी जिराफ काढायला घेतला होता. मान झाली, पण डोके राहिले. शिडी चढताना इतकी धाप लागे, की अर्ध्यातून उतरावे लागे. आता ते काम दुसऱ्या कुणाला देण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

"सगळे म्हणतात, हृदयाचं पंपिंग झकास आहे, ताईच्या मनाचे खेळ आहेत," बहीण म्हणाली.

"मी काय नाटक करतेय का हो?" बाईंचा आवाज चिरकला.

"हृदय नुसतं रक्त ढकलत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी ते सैल होऊन भरावं लागतं. ते कसं भरतंय, ते बघू या."

बाई डाव्या कुशीवर वळल्या. डावा खालचा कप्पा जोमाने आकसत होता. त्यात शिरणाऱ्या रक्ताच्या मी दोन लाटा दाखवल्या. पहिली उंच, दुसरी बुटकी, अगदी निरोगी माणसासारख्या.

"म्हणजे सगळं ठीकच?" बहिणीने विचारले.

"वरवर. पण वरचा कप्पा फुगलाय, आणि तो उगीच फुगत नाही."

मग त्यांनी माझ्याकडून हृदयाच्या भिंतीची हालचाल मोजून घेतली. भिंत फार सावकाश सैल होत होती. "आता तोंड मिटा, नाक दाबा आणि पोटातून जोर लावा," त्या म्हणाल्या.

बाईंनी जोर लावला आणि माझ्या पडद्यावर डाव पालटला! पहिली लाट खाली बसली, दुसरी तिच्या वर चढली.

"सापडलं!" डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्याच. "रक्तदाबानं हृदयाचा स्नायू ताठर झालाय. रक्ताला आत सहज जागा मिळत नाही, मग मागचा दाब वाढून फुप्फुसांवर येतो. त्या वाढलेल्या दाबामुळंच पहिली लाट उंच दिसत होती. जोर लावल्यावर तो दाब क्षणभर उतरला आणि खरं रूप दिसलं."

बाई रडता रडता हसू लागल्या. "म्हणजे मी खोटारडी नाही!"

"मी कधी म्हटलं तसं?" बहीण म्हणाली.

"परवाच म्हणालीस, भवाने!"

रक्तदाब आटोक्यात आला, अंगातले जादा पाणी औषधाने उतरले, मीठ कमी झाले, रोजचे चालणे सुरू झाले. काही महिन्यांनी बाई जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "जिराफाला डोकं आलं! कान मी स्वतः वर चढून रंगवले!" मी पुन्हा पाहिले. स्नायू अजून ताठर होता, पण मागचा दाब उतरला होता. डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. मित्रांनो, तेव्हा माझा पंखा असा घरघरला, की मला अभिमानाने हसूच फुटले म्हणा ना!

आता या विभागात धापेचा माणूस आला, की त्याचे हृदय भरते कसे, हेही दोन्ही यंत्रांवर पाहतात. माझ्यावर कप ठेवायची कुणाची छाती होत नाही.

माझी एवढीच विनवणी आहे. माझी वायर पायदळी तुडवू नका, माझा पडदा पुसत जा. आणि तुमच्या घरात कुणी "दम लागतो गं" म्हणाले, तर हसून सोडू नका. हाताला धरून माझ्याकडे घेऊन या. मी अजून कामावर आहे.