लंबकाला पाठ झालेला नकाशा

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. टेबलावर शहराचा भलामोठा नकाशा, त्यावर दोरीला लटकणारा पितळी गोळा, आणि दोरी धरून डोळे अर्धवट मिटलेले लंबकबाबा. पुरात घरं गेलेल्यांची नवी वसाहत कुठे करायची, हे आज म्हणे जमीन स्वतःच सांगणार होती!

"शांत! जमीन कुजबुजतेय," बाबा म्हणाले. गोळा डोलला, गरगरला आणि नदीकाठच्या सपाट पट्ट्यावर थांबला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मागे बसलेली नकाशेवाली चपापली. नियोजन कार्यालयात संगणकावर नकाशे करणं हे तिचं काम. उतार, रस्ते, पूर, एकेका गोष्टीचा थर दुसऱ्यावर ठेवायचा, ज्याला त्याला महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं, की वस्तीला योग्य जागा हिरवी दिसते. तिच्या नकाशात टेकडीखालची जागा हिरवी होती. आणि इथे पहिल्या रांगेत तिची आई, जिचं घर त्याच पुरात गेलं, पुन्हा नदीच्या तोंडी राहायला हात जोडून तयार!

"आई, अगं तिथे पाणी येतं!"

"तुझ्या डबड्याला काय कळतंय? बाबांना जमीन सांगते."

तिला बसवेना. हाच पट्टा हिरवा झालेला तिने कुठेतरी पाहिला होता. कुठे? आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मागच्या आठवड्यात ती पुराचा थर घालायलाच विसरली होती. तो चुकीचा नकाशा दिवसभर कार्यालयाच्या भिंतीवर लटकला होता, आणि नेमकं त्याच दिवशी तिच्या साहेबांनी बाबांना तिथे चहाला बोलावलं होतं.

ती तडक टेबलापाशी गेली.

"बाबा, जमीन बोलते म्हणजे तुम्हाला डोळ्यांची गरज नसेलच?"

"छे छे! डोळे म्हणजे तर अडथळा!"

"मग बांधू या की."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. तिने रुमाल घट्ट बांधला आणि सगळ्यांच्या देखत नकाशा टेबलावरच हळूच उलट दिशेला फिरवला. बाबा पुटपुटले, गोळा गरगरला, थांबला.

"हीच ती भाग्यवान भूमी!"

"बाबा, तो कचरा डेपो आहे."

सभागृह खो खो हसलं. साहेब मात्र तावातावाने उठले. "मग आधी गोळा तुमच्याच भिंतीवरच्या नकाशातल्या हिरव्या जागेवर कसा थांबला?"

"साहेब, ती हिरवी जागा माझी चूक होती. पुराचा थर राहिला होता. जमीन काय माझ्या चुका पाठ करून बसते? भिंतीवरचा नकाशा यांनी पाठ केला. दोरी यांच्या हातात, बोट जरासं हललं की गोळा हवा तिथे जातो."

रुमाल काढेपर्यंत बाबांचा चेहरा पडला होता.

"म्हणजे खरा चमत्कार तुमच्या संगणकात!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अजिबात नाही हो! मी सांगेन तेवढंच त्याला कळतं. विसरले, तर तोही तुम्हाला नदीत नेऊन बसवेल. म्हणून जागा सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारा, कशावरून? मलासुद्धा."

आई उठली. नकाशा सरळ करून तिने त्यावर बोट ठेवलं.

"पाणी टेकडीकडच्या या दवाखान्याच्या पायरीला लागलं होतं. मी तिथेच उभी होते. हे आहे का तुझ्या थरात?"

नकाशेवालीने वाकून पाहिलं. तिची पुराची रेघ एक गल्ली अलीकडेच संपत होती.

"नाही, आई."

"मग घाल. आणि कुठे राहायचं ते त्यानंतर सांग."