बारापर्यंतचं मौन

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. देवापुढे घेतलेलं व्रत आहे, सोळा वर्षं झाली. प्रयोगशाळेत सगळ्यांना सवय आहे, सर म्हणतात, "मावशींचं दुकान बाराला उघडतं."

त्या दिवशी सव्वादहाला फ्लास्कांतून पेरलेल्या यीस्टच्या बशा उघडल्या आणि आमची संशोधक पोर नाचायलाच लागली. "मावशी, बघा! साधं यीस्ट आम्लात मेलं, माझं जिवंत!"

पेशीवर संकट आलं की तिला आतूनच मरायचा निरोप जातो आणि ती आपणहून आवरतं घेते. तो निरोप पोचवणारं जनुक हिने काढून टाकलं होतं. तीन वर्षं हाती काही लागलं नव्हतं. अकराच्या बैठकीत तिचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरणार होतं.

"मरायचं विसरली लेकाची!" म्हणत ती कागद जुळवायला बसली.

मी भांडी आवरायला घेतली. स्टँडमागे एक नळी सापडली. झाकण घट्ट, आम्ल जसंच्या तसं. परवा साध्या आणि तिच्या यीस्टच्या फ्लास्कांत ओतायला दोन नळ्या मीच मापून ठेवल्या होत्या, ओतली होती एकच. तिच्या यीस्टला निरोप कुठला पोचायला? मी तो धाडलाच नव्हता.

ती हाताच्या अंतरावर होती. माझ्या खिशात पेन होतं. त्याच खिशात मी नळी टाकली आणि फरशी पुसायला लागले. खरं सांगते, मौन इतकं सोयीचं मला कधी वाटलं नव्हतं.

बाराला ती धावत आली. "मावशी, वर्ष वाढवून मिळालं! आता तरी तोंड उघडा!"

मी नळी टेबलावर ठेवली. "तुझ्या फ्लास्कात हे पडलंच नाही गं. माझ्याकडून राहिलं."

ती मटकन बसली. "कधी कळलं?"

"साडेदहाला."

"चिठ्ठी तरी लिहायचीत. लिहायला कुठं बंदी होती?"

नळी घेऊन ती सरांच्या खोलीकडे निघाली, मी मागोमाग. "सर, चूक माझी," एवढंच म्हणता आलं. सरांनी वर्षाचा महिना केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नवे फ्लास्क मांडले. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी पहिली नळी उचलली. आवाज फुटेना, सकाळचा घसा सोळा वर्षं वापरलाच नव्हता.

"फ्लास्क एक," मी मोठ्याने म्हणाले. "आम्ल घातलं."

तिने मान वर केली नाही. वहीत खूण मात्र केली.