काचेआडचा गुड्याचा ढोल

मी ढोल बोलतोय. आवाज बारीक येत असेल तर सांभाळून घ्या, मध्ये काच आहे. नांदेडच्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात, शाली आणि सन्मानचिन्हांच्या गर्दीत मला उभं करून ठेवलंय. डोक्यावर पिवळा दिवा, पायाशी पितळी पट्टी. पट्टीवर कोरलंय, 'आमदार साहेबांचा ढोल'. तेवढं वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण ते धादांत खोटं आहे.

मी गुड्याचा ढोल. किनवटच्या डोंगरात आम्हा गोंडांच्या वस्तीला गुडा म्हणतात. तिथल्या शिवणीच्या खोडातून मला कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि नागुबाईच्या घरी खुंटीला टांगलं. राहायचो तिच्याकडे, पण होतो सगळ्यांचा. बैठक बसवायची तर आधी पाचोळ्याच्या जाळावर मला शेकायचं, कातडं ताठ झालं की वाजवायचं. मग नांगर धरलेला माणूस नांगर सोडून यायचा. रुसून बसलेला भाऊसुद्धा यायचा, तोंड फिरवून बसायचा, पण यायचा. ढोल वाजला नाही तर ती बैठकच नाही, असं आमच्याकडे मानतात.

नागुबाईचा भाचा सटवाजी. हाडाचा हट्टी. सागाची चोरटी तोड सुरू झाली तेव्हा त्यानं मला गळ्यात अडकवलं आणि असं बडवलं की अख्खा गुडा रस्त्यावर येऊन बसला. ट्रक रिकामे परतले. पुढे वनहक्काचे मोर्चे झाले, लाठीमार झाला. एक लाठी माझ्याही अंगावर बसली, तिचा वण अजून आहे. तरी सांगतो, माझे सुखाचे दिवस तेच.

मग सटवाजी निवडून आला. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे मी होतो. मिरवणूक नांदेडला पोचली, गुलाल धुतला गेला आणि मला परत न्यायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. सुतारानं माप घेतलं, काच बसली, कुलूप लागलं.

सटवाजीचा साहेब झाला. आज नांदेडला वृक्षारोपण, उद्या लातूरला पाण्यावर भाषण, परवा पर्यावरणाचा पुरस्कार. झाडांविषयी तो बोलतो ते मनापासून बोलतो, उगाच नावं ठेवणार नाही. पाहुणे येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात, काचेवर बोटांचे ठसे ठेवतात आणि चहा पिऊन जातात. वाजवून बघू का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. एसीच्या गारव्यात माझं कातडं सैल पडलंय. गुदमरतो मी इथं.

आज दुपारी नागुबाई आली. एसटीनं, एकटीच. सोफ्यावर बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं सांगितलं ते ऐकून मी सुन्न झालो. गुड्यामागच्या डोंगरावर दगडाची खाण येतेय. ग्रामसभेचा निरोप मोबाइलवर आला होता, आणि रेंज येते फक्त चिंचेखाली. ज्यांना निरोप कळला तेही गेले नाहीत. ढोल वाजला नाही, मग कसली बैठक, म्हणून आपापल्या रानात राहिले. चार टाळकी जमली आणि कागदावर साऱ्या गुड्याची संमती झाली. आता मशीन डोंगराला लागायच्या आत पुन्हा सभा भरवून नाही म्हणायचंय.

"उद्या सभा हाय," नागुबाई म्हणाली. "ढोल दे."

सटवाजीनं खिशातून किल्ली काढली, कुलपाला लावली. माझा जीव हरखला. पण किल्ली फिरलीच नाही.

"आत्या, खाण आमच्याच पक्षातल्या माणसाची हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ढोल हितून गेला की म्हणतील, सटवाजीनंच गुडा उठवला. पुढचं तिकीट गेलं समज. माझे हात बांधलेत."

"तुझे बांधले असतील. ढोलाला कामून बांधून राहिला?"

त्यानं किल्ली परत खिशात टाकली. नवा ढोल घेऊन देतो म्हणाला. नव्याचा आवाज गुड्याला परका, कोण उठून येणार, एवढंच तिनं विचारलं.

नागुबाई भांडली नाही. तिनं पिशवीतून माझी काठी काढली. मला वाटत होतं, ती मिरवणुकीतच हरवली. पण ती गुड्यात परत पोचली होती आणि इतकी वर्षं माझ्याच खुंटीला टांगून होती म्हणे. तिनं ती सटवाजीच्या हातात दिली. "ढोल तुझा झाला, तर ही बी तुझीच. घरात नुसती टांगलेली बघवत न्हाई," म्हणाली आणि स्टँडकडे निघाली.

सटवाजी अजून माझ्यासमोर उभा आहे. फोन वाजतोय, तो उचलत नाही. काठी हातात आहे. त्याच्या तळव्यानं ती जिथं झिजलीय, बोटं आपसूक तिथंच बसलीत.

सटवा, आज मला जाळावर शेकू नकोस, किल्लीही राहू दे. नागुबाईची एसटी अजून सुटलेली नाही. तुझ्या हातात काठी आहे आणि तुझ्यामाझ्यात नुसती काच आहे. हाण.