किटलीतलं पाणी

एकोणीसशे बहात्तर साली आमच्या शहराचं पाणी बदललं. तलाव आटत चालला म्हणून नगरपालिकेने खोल विहिरी खणल्या आणि त्यांचं जड पाणी नळाला सोडलं. मी तेव्हा घरात नवीनच सून होऊन आले होते, त्यामुळे आधी वाटलं, आपल्याच हाताला काही जमत नाहीये. साबण झिजून संपे, पण फेस धरत नसे. सकाळी शेगडीवर चढवलेले वाटाणे दुपारीही गोट्यांसारखे टणक. केस धुतले की त्यांचा काथ्या होई. वाळलेला टॉवेल भिंतीला टेकवून उभा करता येई. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खाज. जो तो मान, कोपर, पोटऱ्या खाजवत हिंडे.

"पाहुण्यांसमोर तरी हात आवरा," सासूबाई म्हणत. "लोकांना वाटेल, घरात माकडं पाळलीत."

त्या वर्षी आमच्याकडे कुणी म्हणून स्वस्थ बसत नव्हतं.

वर घर आणि खाली कापड रंगवण्याचा आमचा कारखाना. कारखाना म्हणजे मोठ्या कढया, धुण्याचे हौद आणि मागच्या अंगणात वाळवणाच्या दोऱ्या. रंग जुळवायचं काम मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. तराजू त्यांनी कधी वापरला नाही. खालच्या कढया तापायला वेळ लागे, म्हणून नमुन्याची पट्टी ते स्वयंपाकघरातच करत. पहिला चहा झाला की किटलीत उरलेलं उकळलेलं पाणी वाडग्यात ओतायचं, चिमटीने रंगाची पूड टाकायची, कापडाची पट्टी त्यात शिजवायची, आणि वाळवून दारातल्या उजेडात धरायची. तोवर कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. पट्टी मनासारखी उतरली की जितक्या चिमट्या वाडग्याला, त्या हिशेबाने मुठी कढईला. हिशेब सगळा डोक्यात. त्यांचा हात चुकला, असं बाजारात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आमच्याकडे होतं. डाळिंबी रंगाचा जाड सुती पडदा. डावा अर्धा भाग आम्ही पाणी बदलण्याआधीच रंगवून दिला होता, तो टांगूनही झाला होता. आता उजवा त्याच्याशी जुळायला हवा होता. एका पडद्याचे दोन रंग शेवटच्या रांगेतल्या झोपाळू माणसालाही दिसले असते.

वाडग्यातली पट्टी हुबेहूब उतरली. कढईतून कापड निघालं ते मात्र विटकं, वर पांढुरके ठिपके. मामंजींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी केली. ती पुन्हा हुबेहूब. कापड पुन्हा विटकं.

"मेलं हे पाणीच नडतंय," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी नडलं असतं तर पट्टी बिघडली नसती का, आई?" धाकटे भाऊजी म्हणाले. "नळ तोच, पूड तीच. वाडग्यात बरोबर येतं नि कढईत चुकतं. म्हणजे मधे काय बिघडतंय ते कळतंय ना?"

"काय बिघडतंय?" मामंजींनी विचारलं.

भाऊजी दोऱ्यांकडे बघत राहिले. "बाबा, वय होतं माणसाचं. मुठी टाकताना एखादी विसरत असाल."

माझे यजमान भांडणाला भिणारे. ते उगाचच हौदाची तोटी आवळू लागले. खरं सांगायचं तर भाऊजींचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं होतं. वाईट याचं, की ते मामंजींनाही पटलं.

तेव्हापासून त्यांचा चेहराच बदलला. जिन्याने खाली जायचे, अर्ध्यातून परत यायचे. कडी लावलीय का, ते उठून पुन्हा बघायचे. जेवताना मधेच विचारायचे, "सूनबाई, मी मीठ वाढून घेतलं का गं?" पूड टाकताना मोठ्याने मोजू लागले, आणि मला शेजारी उभं करू लागले. "तूही मोज. मी चुकलो तर सांग." मला मेल्याहून मेल्यासारखं होई. ज्या माणसासमोर मी मान वर करून बोलत नव्हते, तो माझ्याकडे पाढे म्हणणाऱ्या मुलासारखा बघायचा.

भाऊजींनी शेवटी सांगून टाकलं. नाट्यगृहवाले हातघाईवर आले होते. सोमवारपासून बाहेरचा रंगारी येणार. "बाबांनी आता वर आराम करावा."

"आराम करून करू काय?" मामंजी म्हणाले. "खाजवत बसू?"

सोमवारी सकाळी ते नेहमीच्या वेळेला स्वयंपाकघरात आले. रंगारी यायच्या आत एकदा शेवटचं करून बघायचं होतं त्यांना. पण त्या दिवशी किटली नव्हती. तिच्या आत दगडासारखा पांढरा थर चढला होता, शेगडीवर तासभर ठेवली तरी पाणी तापत नसे. आदल्या दिवशी मी तो उलथण्याने खरवडायला गेले आणि बुडाला भोकच पडलं. सासूबाईंनी माझा जो उद्धार केला तो सांगत नाही. पहिला चहा मी पातेल्यात केला होता, त्यामुळे उरलेलं पाणीही नव्हतं.

"राहू दे," मामंजी म्हणाले आणि त्यांनी वाडगा सरळ नळाखाली धरला. चिमट्या टाकल्या. आम्ही दोघांनी मोजल्या. पट्टी शिजली, वाळली. त्यांनी ती दारात धरली.

विटकी. वर पांढुरके ठिपके.

मला वाटलं, आता हे कोसळणार. पण ते पट्टी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "किती टाकल्या होत्या?"

"बरोबर होत्या, मामंजी. मी मोजल्या."

"नक्की?"

"नक्की."

"मग आज वेगळं काय केलं आपण?"

मी कोपऱ्यातली भोक पडलेली किटली उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आत बोट घालून थराचा एक तुकडा मोडला आणि तळहातावर ठेवला. तेव्हा कुठे उलगडा झाला. इतके दिवस पाण्यातला हा दगड किटली स्वतःकडे ठेवून घेत होती, आणि निवळ पाणी तेवढं वाडग्यात येत होतं. कढईत मात्र सगळाच्या सगळा जात होता.

त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन भाऊजींना हाक मारली. एरवी त्यांचा आवाज चढत नसे. "त्या रंगाऱ्याला चहा पाज नि परत पाठव. आणि सगळ्या कढयांत नुसतं पाणी उकळत ठेव."

दिवसभर पाणी उकळलं, निवलं, तळाशी गाळ बसला. घरातल्या सगळ्यांनी वरचं वरचं पाणी डाव-तांब्यांनी काढलं. रंगाऱ्यालाही आम्ही जुंपलं. दुसऱ्या दिवशी कापड निघालं ते डाळिंबी.

भाऊजी कापड हातात घेऊन म्हणाले, "बाबा, चुकलंच माझं."

"तू बरोबरच बोललास," मामंजी म्हणाले. "किटली मधे आली, त्याला तू काय करशील?"

पडदा वेळेवर टांगला गेला. नाट्यगृह पाडेपर्यंत तो होता.

माझे यजमान पुढे पुष्कळ वर्षं कारखाना चालवत होते. तयार रंगीत कापड स्वस्त झालं तेव्हा त्यांनी कढया मोडीत काढल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भाऊजींनी पाणी मऊ करणाऱ्या यंत्रांचं दुकान टाकलं आणि पैसा केला. गिऱ्हाइकांना ते किटलीची गोष्ट रंगवून सांगत. त्यांच्या गोष्टीत शोध त्यांनीच लावलेला असे, आणि मला किटली फोडण्यापुरतं काम होतं. सासूबाईंची खाज शेवटपर्यंत गेली नाही. शेजारीण म्हणे, ती पाण्याची नव्हतीच.

मामंजी परत कढईशी बसले, पण मोठ्याने मोजायचं त्यांचं सुटलं नाही. एकदा मनात शिरलेली शंका निघाली नाही. शेवटच्या आजारपणात माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी ओठ हलत असायचे. मी उशाशी बसून म्हणायची, "बरोबर आहे, मामंजी." मग जरा वेळ स्वस्थ पडायचे.

आता मीही चहात साखर घातली की नाही ते विसरते. परवा चहा अगदीच अगोड झाला, तशी सून माझ्याकडे एकटक बघायला लागली. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? आधी साखरेच्या डब्यात बघ."

डब्यात रवा होता. तिनेच भरलेला.